एलोजी, इलियास, एलिजा

रत्नागिरी शहरात ज्यूंचं प्रार्थनाघर नाही. ते बघायचं तर बाणकोटला यावं, सावित्रीची खाडी फेरीबोटीने ओलांडून बागमांडल्याला उतरावं आणि उत्तरेची वाट धरावी. मग म्हसळा, रेवदंडा, अलिबाग, पेण, पनवेल अशी सिनेगॉगची गावं एकामागून एक लागतात. खाडीच्या अलीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात, त्यातलं काही नाही. तरीही एक अस्सल हिब्रू नाव इथे रोज हाकारलं जातं. मिरकरवाड्याच्या जेटीवर, राजिवड्याच्या गल्लीत किंवा चिपळूणच्या एसटी स्टँडवर ‘इलियास’ अशी हाक घातली तर कुणीतरी ओ देण्याची शक्यता बरीच. हाक मारणाऱ्याला ते नाव मुसलमानी वाटतं. ओ देणाऱ्यालाही ते आपलंच वाटतं, आणि त्यात काही चूक नाही.

हेच नाव अलिबाग-पेणच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांत ‘एलोजी’ होऊन मराठी झालं. पुढे त्याच घरांतली मुलं शाळेच्या दाखल्यावर ‘एलिजा’ झाली. मराठी बायबलात ते ‘एलीया’ आहे. आणि सध्या अमेरिकेत जन्मणाऱ्या मुलग्यांच्या आवडत्या नावांत ते पहिल्या काहींमध्ये आहे. कोकणच्या एका किनारपट्टीवर एकाच माणसाचं नाव तीन धर्मांच्या घरांत नांदतं, आणि बहुतेक वेळा या घरांना एकमेकांचा पत्ता नसतो. या नावाची ही हकिगत.

नावातच घोषणा

मूळ हिब्रू रूप ‘एलियाहू’. ‘एली’ म्हणजे माझा देव, आणि ‘याहू’ हे इस्रायलच्या देवाच्या चार अक्षरी नावाचं आखूड रूप. ‘यहोवा हाच माझा देव’ असा सरळ अर्थ. असा ‘याहू’ शेवटी असलेली नावं हिब्रूत पुष्कळ: यशया मूळचा येशायाहू, यिर्मया मूळचा यिर्मेयाहू. इस्रायलच्या पंतप्रधानांचं आडनाव नेतान्याहू, म्हणजे ‘देवाने दिलेला’. आपल्याकडचा देवदत्त तो हाच. देवाचं नाव मुलाच्या नावात गुंफायची हौस पांडुरंग, रामदास, दत्तात्रय ठेवणाऱ्यांना वेगळी समजावून सांगायला नको.

एलियाहूच्या बाबतीत मात्र नाव ही नुसती भक्ती नव्हती, ते भांडण होतं. काळ इसवी सनापूर्वीचं नववं शतक. उत्तरेच्या इस्रायल राज्यात अहाब राजा. त्याची राणी ईजबेल फिनिशियातल्या सीदोनच्या राजाची लेक, बाल या देवाची उपासक. पाऊस पाडणारा देव म्हणून बालची ख्याती. गिलाद मुलखातला तिश्बी एलियाहू दरबारात येऊन सांगतो की मी सांगेपर्यंत आता पाऊस नाही. पावसाच्या देवाला दुष्काळाने दिलेलं हे आव्हान होतं. नाव आणि काम एकच, असं क्वचित घडतं. ज्याचं नावच ‘माझा देव यहोवा’, तो दुसरं काय सांगणार?

पुढच्या गोष्टी बायबलातल्या ‘राजे’ या पुस्तकांत आहेत. ओढ्याकाठी लपलेल्या एलियाहूला कावळे अन्न आणून देतात. सारफथच्या विधवेच्या घरी मडक्यातलं पीठ आणि बुधलीतलं तेल सरत नाही. तिचा मेलेला मुलगा त्याच्या प्रार्थनेने उठून बसतो. कर्मेल डोंगरावर बालच्या साडेचारशे पुजाऱ्यांशी एकट्याची सरशी होते. आणि मग तो पावसाचा प्रसंग येतो, जो कोकणातल्या माणसाने एकदा वाचला की विसरणार नाही. कर्मेल डोंगर भूमध्य समुद्राला लागून आहे. एलियाहू गड्याला सांगतो, जा, समुद्राकडे बघून ये. गडी सहा वेळा परत येतो, काही नाही म्हणतो. सातव्यांदा म्हणतो, माणसाच्या तळहाताएवढा ढग वर येतोय. आणि थोड्याच वेळात आभाळ काळं होऊन कोसळतं. मे महिन्याच्या अखेरीला आंबा उतरवून झाल्यावर पश्चिमेकडे डोळे लावून बसणाऱ्या रत्नागिरीकराला त्या गड्याची सातवी खेप परकी वाटत नाही.

शेवट तर आणखी विलक्षण. एलियाहू मरत नाही. अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे येतात आणि वावटळीतून तो वर जातो. मेला नाही, म्हणून तो परत येऊ शकतो. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी तो येईल असं वचनही आहे. आपल्या सात चिरंजीवांसारखाच हा एक. ज्यू लोककथांत तो कधी भिकाऱ्याच्या, कधी वाटसरूच्या वेषात येतो, अडलेल्याचं काम करतो आणि ओळख पटायच्या आत निघून जातो.

चौदा माणसं आणि एक किनारा

बेने इस्रायल आपली सुरुवात अलिबागजवळच्या नवगावला सांगतात. कधीकाळी एक गलबत किनाऱ्यापाशी खडकावर आपटून फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना नवगावातच पुरलं. त्या जागी आज बेने इस्रायलांचं स्मारक आहे. आलेल्यांचे ग्रंथ समुद्राने नेले, भाषा हळूहळू गेली. आठवणीत राहिली ती ‘शेमा इस्रायल’ ही एक प्रार्थना, शनिवारची सुटी, सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियम. तेलाचा घाणा हा अनेकांचा धंदा. शनिवारी बैल जुंपायचा नाही, म्हणून गावाने नाव पाडलं ‘शनिवार तेली’.

चौदा हा आकडा कोकणी वाचकाच्या कानाला खटकला असेल. सह्याद्रीखंडातली चित्पावनांची कथाही समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या चौदा देहांचीच. परशुरामाने त्यांना जिवंत केलं आणि आपल्या क्षेत्रात वसवलं असं ती सांगते. चिपळूणजवळच्या डोंगरावर परशुरामाचं देऊळ आहे, तो रत्नागिरी जिल्हा. बेने इस्रायली परंपरेत परशुरामाच्या जागी एलियाहू हानाबी आहे. ‘हानाबी’ म्हणजे संदेष्टा. किनाऱ्यावर निपचित पडलेल्या आपल्या पूर्वजांना एलियाहूने येऊन उठवलं असं बेने इस्रायल सांगत आले. अलिबागपासून जवळच खंडाळा-सागाव भागात एक खडक आहे. एलियाहूचा रथ तिथे उतरला आणि तिथूनच वर गेला, अशी श्रद्धा. दगडावरच्या खाचा दाखवून लोक म्हणतात, या चाकांच्या, या घोड्यांच्या टापांच्या. नवस फेडायला बेने इस्रायल तिथे पूर्वी बैलगाड्या जुंपून जात, आता गाड्या काढून जातात. इस्रायलला गेलेली कुटुंबंही भारतात आली की तिथे जाऊन येतात.

कथा कुणाची आधी, कुणी कुणाकडून घेतली, यावर विद्वानांनी तर्क लढवले आहेत. मला त्यात वेगळंच काही दिसतं. समुद्राकाठी राहणाऱ्याला आपलं मूळ समुद्रातूनच सांगावं लागतं, आणि बुडालेल्याला वर काढणारा कुणी चिरंजीव लागतोच. बेने इस्रायलांकडे ग्रंथ नव्हता, पण नाव होतं. ग्रंथ परत मिळेपर्यंत बऱ्याच अंशी त्या नावाने त्यांना सांभाळलं.

नावाला ‘जी’ लागतो

अठराव्या शतकातल्या बेने इस्रायली पुरुषांची नावं वाचली तर ज्यू आहेत असं कळणारही नाही. अब्राहामचा आबाजी. शमुवेलचा सामाजी. यहेज्केलचा हसाजी. इसहाकचा इसाजी. एलियाहूचा एलोजी. शिवाजी, संभाजी, येसाजी, तानाजी अशा नावांच्या मुलखात हिब्रू नावांना ‘जी’ लागला आणि ती पंगतीला बसली. त्यापुढे बापाचं नाव आणि शेवटी गावाला ‘कर’: दिवेआगरचा दिवेकर, किहीमचा किहीमकर, राजपुरीचा राजपूरकर, रोह्याचा रोहेकर, पेणचा पेणकर, चौलचा चेऊलकर, अष्टमीचा अष्टमकर. अशी शंभरावर आडनावं आहेत. दिवेकर म्हटलं की आपल्याला एका विशिष्ट जातीचा माणूस दिसतो, पण दिवेआगरातून बाहेर पडलेला प्रत्येक जण दिवेकरच.

यातलं इतिहासात ठळकपणे उरलेलं नाव सामाजी हसाजी दिवेकर. इंग्रजी कागदांतला हाच सॅम्युअल इझिकेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला हा अंमलदार म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडला. सुटून मुंबईला आलो तर प्रार्थनाघर बांधीन, असा त्याने नवस बोलला होता असं सांगतात. ते प्रार्थनाघर, ‘शआर हारहमीम’ म्हणजे दयेचं दार, १७९६ साली मांडवीत उभं राहिलं. तोवर बेने इस्रायलांकडे सिनेगॉग नव्हतं, त्यामुळे त्यासाठी मराठी शब्दही नव्हता. लोकांनी जवळचा शब्द उचलला: मशीद. ती ‘जुनी मशीद’ झाली, आणि शेजारचा रस्ता सॅम्युअल स्ट्रीट.

‘जी’वाली नावं मागे पडली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्यामागे तीन बाजूंचा रेटा होता. कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी हिब्रू प्रार्थना शिकवल्या. बगदादी ज्यू व्यापारी मुंबईत आले, त्यांच्या पंगतीत कोकणी नावं गावंढळ वाटू लागली. आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं, ते मुख्यतः याच लोकांसाठी. मिशनऱ्यांना धर्मांतर हवं होतं, ते फारसं साधलं नाही. उलट मराठी बायबल वाचून बेने इस्रायलांना आपले पूर्वज नावानिशी सापडले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या सणाला रात्री वाचायचा हगादा हा ग्रंथ मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापून निघाला. त्या रात्री एलियाहूसाठी द्राक्षरसाचा एक पेला भरून ठेवायचा असतो.

मग आबाजीचा अब्राहम झाला, सामाजीचा सॅम्युअल, एलोजीचा एलिजा. हिब्रूकडे परतताना वाट इंग्रजी शाळेतून गेली, त्यामुळे नावं हिब्रूसारखी होण्याऐवजी इंग्रजीसारखी झाली. ‘एलिजा’मधला ‘जा’ मूळचा ‘या’. इंग्रजी लिपीतल्या J या अक्षराचा उच्चार शतकांच्या ओघात बदलला, एवढंच. म्हणजे एलोजीतला ‘जी’ आपला, आणि एलिजातला ‘जा’ साहेबाचा.

मुंबईकर यातल्या एका एलिजाचं नाव रोज घेतात, न कळत. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड. हे डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, १९३७-३८ साली मुंबईचे महापौर. रस्त्याच्या पाटीवर ‘मोझेस’ आडनावासारखं बसलं आहे, पण मराठी रीतीने वाचलं तर ते मधलं नाव. खरं आडनाव, राजपुरीच्या खाडीची आठवण सांगणारं, पाटीवर आलंच नाही. नट डेव्हिड यांचंही तसंच: पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, पण पडद्यावर राहिलं ते पहिलंच.

खुर्ची आणि ताट

मुलाचं नाव ठेवण्याशी एलियाहूचा जितका संबंध आहे तितका दुसऱ्या कुठल्याच संदेष्ट्याचा नाही. हिंदू घरात बारसं बाराव्या दिवशी, मुसलमान घरात अकीका सातव्या दिवशी, आणि ज्यू घरात मुलाची सुंता, देवाशी केलेल्या कराराची खूण, आठव्या दिवशी. नाव त्याच वेळी जाहीर होतं: अमुक बेन अमुक, म्हणजे अमक्याचा मुलगा अमुक. त्या समारंभात एक खुर्ची रिकामी ठेवतात. ती एलियाहूची. इस्रायलांनी तुझा करार सोडला, अशी तक्रार त्याने देवाकडे केली होती. तेव्हा देवाने त्याला सांगितलं की आता प्रत्येक सुंतेला तू जातीने हजर राहा आणि करार पाळतात की नाही ते स्वतः बघ, असं एक जुनं ज्यू कथन सांगतं. तक्रार करणाऱ्यालाच देखरेखीला बसवायचं, ही युक्ती आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सभेत शोभावी. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक ज्यू मुलाच्या नामकरणाला, मग नाव दावीद ठेवा की बन्यामीन, एलियाहू साक्षीला असतो.

कोकणात ही खुर्ची पुरेशी वाटली नाही. बेने इस्रायलांनी त्याच्यासाठी एक ताट वाढलं, आणि ते ताट जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ज्यू समाजात याच रूपात नाही. त्याला म्हणतात मलिदा. पोहे धुऊन मऊ करायचे, त्यात किसलेला गूळ किंवा साखर, ओल्या नारळाचा चव, वेलची, जायफळ, काजू-बेदाणे. मोठ्या ताटात त्याची रास करायची. तिच्यावर आणि भोवती फळं मांडायची: खजूर, केळी, सफरचंद, संत्री, हंगामात जे असेल ते. सुवासासाठी सब्जाच्या काड्या किंवा गुलाब. डोक्यावर टोप्या, बायकांचे पदर सावरलेले. आधी ‘एलियाहू हानाबी’चं हिब्रू गाणं म्हणायचं, मग देवाच्या आशीर्वादाची वचनं. त्यानंतर एकेका वस्तूवर तिचा तिचा आशीर्वाद. सब्जा हुंगायचा तो सुवासाच्या आशीर्वादाने. खजूर झाडाचं फळ, त्याला झाडाच्या फळाचा. केळ्याला मात्र जमिनीच्या फळाचा, कारण ज्यू धर्मशास्त्र केळीला झाड मानत नाही. घड काढला की तो बुंधा तोडून टाकायचा, हे बागायतदार कोकण्यालाही ठाऊक असतंच. मग प्रसाद वाटतात.

मलिदा कशाकशाला होतो? लग्न ठरलं, मेंदी लागली, दिवस गेले, बाळंतीण सुखरूप सुटली, आजारातून उठला, परीक्षा पास झाला, नोकरी लागली, नवं घर घेतलं, परदेशी जायचा व्हिसा आला. नवस बोलायला मलिदा आणि फेडायलाही मलिदा. आपल्या घरी जिथे सत्यनारायण, तिथे त्यांच्या घरी एलियाहू हानाबी. शेबात महिन्याच्या पौर्णिमेला ज्यू लोक झाडांचं नववर्ष पाळतात. बेने इस्रायलांनी त्या दिवसाला ‘एलियाहू हानाबीचा उरूस’ म्हटलं. ज्यूंचा दिवस, ‘उरूस’ मुसलमानांचा, प्रसाद पोह्यांचा. कोकणात सण कसे घडतात याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

इलियास

आता पुन्हा खाडीच्या दक्षिणेला. रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान अरबस्तानाशी असलेल्या समुद्री व्यापारातून घडले. देशातले बहुतेक सुन्नी हनफी परंपरेचे, पण हे अरबी किनाऱ्यांसारखे शाफई. दाभोळ, हर्णे, बाणकोट, जयगड ही त्यांची जुनी बंदरं. घरात बोली कोकणी, बाहेर मराठी, आणि घरटी कुणीतरी आखातात किंवा जहाजावर.

त्यांच्यातल्या पुरुषांची नावं मोजायला बसलात तर बायबलची यादी वाचल्यासारखं होईल: इब्राहिम, इस्माईल, इसाक, याकूब, युसूफ, मूसा, हारून, दाऊद, सुलेमान, अय्यूब, युनूस, झकरिया, याह्या, इलियास. इस्लाम या सगळ्यांना नबी मानतो, म्हणून नावं आली. कुराणात इलियासचा उल्लेख दोन ठिकाणी आहे. सूरा अल-अनआममध्ये तो सज्जनांच्या यादीत येतो. सूरा अस-साफ्फातमध्ये तो आपल्या लोकांना विचारतो की निर्माणकर्त्याला सोडून तुम्ही बालला का हाक मारता. म्हणजे भांडण तेच, प्रतिस्पर्धी तोच.

रूप मात्र बदललं, आणि त्यात एक गंमत आहे. हिब्रूत शेवटी ‘स’ नाही. बायबल ग्रीकमध्ये गेलं तेव्हा पुरुषांच्या नावाला ग्रीक पद्धतीने शेवटी ‘स’ लागला आणि ‘एलियास’ झालं. तेच रूप पूर्वेकडच्या ख्रिस्ती समाजांतून अरबीत उतरलं. त्यामुळे मिरकरवाड्यातल्या इलियासच्या नावात पाया हिब्रू, शेपटी ग्रीक, चाल अरबी आणि हाक कोकणी.

मुसलमान लोककथांत इलियासची जोडी ख्वाजा खिज्रशी. एक जमिनीवरच्या वाटसरूंना सांभाळतो, दुसरा पाण्यावरच्या. दोघेही अमर, दोघेही अडल्याच्या हाकेला धावणारे. तुर्कस्तानात ६ मे रोजी या दोघांच्या भेटीचा वसंतोत्सव होतो. ‘हिदिरेल्लेझ’ हे त्याचं नावच दोघांची नावं जोडून झालं आहे, आणि २०१७ साली तो युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेला. आपल्या किनाऱ्यावर पिराला मानणं ही काही एकट्या मुसलमानांची गोष्ट नाही. रत्नागिरीजवळच्या हातिसला पीर बाबरशेखांच्या उरुसात हिंदू गावकरी पुढे असतात. खंडाळ्याच्या खडकापुढे हात जोडणारे आणि हातिसच्या दर्ग्यात नारळ वाढवणारे एकमेकांना ओळखत नसतील, पण मागणं सारखंच: समुद्रावर गेलेला माणूस घरी येऊ दे.

नावांचं दैव मात्र माणसांच्या करणीवर फिरतं. ‘दाऊद’ हे दावीदचंच रूप, आणि त्याचा अर्थ ‘लाडका’. एका माणसामुळे या नावावर गेली तीसेक वर्षं सावट आहे. इलियासच्या वाट्याला तसं काही आलं नाही. तो शाळेच्या हजेरीपटात, मच्छीमार सोसायटीच्या यादीत, रिक्षाच्या परमिटवर बिनबोभाट आहे.

एलीया, आणि नाव न बदललेले टिळक

मराठी ख्रिस्ती घरांत बायबलातली नावं आली ती मराठी बायबलाच्या वळणाने: दावीद, शमुवेल, योहान, याकोब, शलमोन, एलीया. सिंधुदुर्ग-गोव्याकडच्या कॅथलिकांत तीच पोर्तुगीज वळणाने आली: जुझे, जुवांव, मिंगेल, मानवेल. पण सगळ्यांनी नाव बदललंच असं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि शेवटपर्यंत नारायण वामन टिळकच राहिले. त्यांच्या मुलाचं नाव देवदत्त. देव बदलला तरी नाव मराठीच ठेवायचं, हा त्यांचा आग्रह त्यांच्या अभंगांतही दिसतो. बेने इस्रायलांनी परकं नाव मराठी केलं आणि टिळकांनी मराठी नाव नव्या धर्मात नेलं. वाटा उलट्या, पण दोघांनाही मराठी सोडायची नव्हती.

जगातली चलती

रशियात एलियाहूचा ‘इल्या’ झाला. गडगडाट म्हणजे त्याच्या रथाची चाकं, असं तिथले शेतकरी मानत. चित्रकार इल्या रेपिन या नावाचा. लेनिनचे वडील इल्या, म्हणून तो व्लादिमिर इलिच. आपल्याकडे गिरणगावात ज्यांच्या तसबिरीखाली सभा झाल्या त्यांच्या नावात एका ज्यू संदेष्ट्याचं नाव होतं, हे कॉम्रेड लोकांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ते हसून सोडून दिलं असतं. फ्रेंचांचा ‘एली’, इटालियनांचा ‘एलिया’, इंग्रजांचं ‘इलियट’ हे आडनाव, सगळी याच कुळातली.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर एलिजा हे आजोबांच्या पिढीतलं जुनाट नाव होतं. नंतर जुन्या बायबली नावांची लाट आली: नोआ, आयझाया, जोसाया, एलिजा. अमेरिकेचं सामाजिक सुरक्षा खातं दरवर्षी नवजात बाळांच्या नावांची यादी काढतं. तीत २०२० आणि २०२१ साली एलिजा मुलग्यांत चौथा होता. तिथे आईबाप नावाचा नाद बघतात. स्वरांनी भरलेलं, मऊ, ‘आ’कारान्त नाव त्यांना हवं असतं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांतल्या एलिजा वुडने ते तरुण केलं, हेही खरं. ईजबेल राणीशी झालेलं भांडण त्यातल्या फार थोड्यांच्या डोक्यात असेल. इस्रायलमध्ये मात्र अलीकडच्या वर्षांत ज्यू मुलग्यांत दावीद, योसेफ, एरिएल अशी नावं पुढे असतात. एलियाहू तिथे धार्मिक घरांत दिसतो, इतरत्र त्याचं ‘एली’ होतं.

आपल्याकडे अशी सरकारी यादी निघत नाही. पण वारं कुठून वाहतं ते दिसतं. पुण्या-मुंबईत आणि परदेशी स्थायिक मराठी घरांत दोन्ही भाषांत खपणारी छोटी नावं शोधतात. त्यात ‘इयान’ आणि ‘इवान’ही येतात. इयान हे स्कॉटलंडमार्गे आलेलं योहानानचं रूप, म्हणजे तेही मुळात हिब्रू. नावांच्या पुस्तकात त्याला संस्कृत अर्थ चिकटवलेला सापडेल, पण बाळाला त्याची फिकीर नाही. लोकप्रियता मोजायची रीतही मला अपुरी वाटते. याद्या मोजतात ते नाव ठेवणाऱ्यांना. नाव घेणाऱ्यांना कोण मोजणार? मलिद्याच्या ताटापुढे एलियाहूचं नाव घेणाऱ्यांत स्वतःचं नाव एलिजा असलेला एखादाच सापडेल. कोकणातली या नावाची खरी चलती तिथे आहे.

आता कुठे आहेत

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे काही रब्बींनी त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली. कुटुंबांनी जेरुसलेमात धरणं धरलं, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्व बाबतीत ज्यूच आहेत असं ठरवलं. इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अश्दोद, लोद, रामला, दिमोना इथे आज मराठी बोलणारी घरं आहेत. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं. मलिद्याला पोहे लागतात, ते भारतीय दुकानांत मिळतात. पणजोबा एलोजी, आजोबा एलिजा आणि नातू एली, असा नावाचा प्रवास चार पिढ्यांत होऊ शकतो, आणि या प्रवासात मधलं ‘जी’ आणि शेवटचं ‘कर’ दोन्ही गळण्याचा धोका आहे. अनेकांनी आडनाव राखलं, काहींनी हिब्रू करून घेतलं.

बेने इस्रायलांचा पहिला मोठा इतिहास लिहिणाऱ्याचं नाव हाईम सॅम्युअल किहीमकर. पुस्तक १८९७ साली लिहून झालं आणि १९३७ साली तेल अवीवला छापलं गेलं. ‘हाईम’ म्हणजे जीवन, सॅम्युअल वडील, किहीम गाव. एका ओळीत धर्म, बाप आणि माती. रत्नागिरीच्या शाळेत नाव घालायला आलेल्या कोकणी मुसलमान बापाच्या हातातला फॉर्मही असाच असतो: मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. पहिल्या दोन रकान्यांत काय लिहायचं ते मशीद, सिनेगॉग किंवा देऊळ सांगतं. तिसऱ्या रकान्यात कोकणातली माणसं बहुतेक वेळा गावाचंच नाव लिहितात, आणि ते लिहिताना कुणी कुणाला धर्म विचारत नाही.